गाडी दरवर्षी एमओटीत एकाच जागी अडकते, तेव्हा काय तपासावे

ब्रिटनमध्ये नव्याने राहायला आलेल्या आपल्या माणसांना गाडीच्या बाबतीत पडणारा पहिला प्रश्न बहुधा एमओटीचा, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे पाहणाऱ्या वार्षिक चाचणीचा असतो, आणि दोन-तीन वर्षांनी त्याच प्रश्नाचे दुसरे रूप समोर येते: गेल्या वर्षी ज्या कारणावरून गाडी अडली होती, ज्यासाठी पैसे मोजून दुरुस्तीही केली होती, त्याच कारणावरून ती यंदा पुन्हा का अडली? हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. माझ्या गाडीचे पुढचे टायर सलग तीन वर्षे चाचणीच्या कागदावर येत राहिले. दोनदा मी नवे टायर घेतले, आणि खरे कारण तिसऱ्या वर्षी हाती लागले. ते कारण पहिल्या वर्षीच्या कागदावरच, टायरच्या नोंदीच्या अगदी खालच्या ओळीत लिहिलेले होते.

महाराष्ट्रात खासगी मोटार चालवलेल्या माणसाला दरवर्षीच्या पासिंगची सवय नसते. तिथे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण होते आणि मधल्या काळात आपला संबंध येतो तो पीयूसीपुरता; पासिंगची धावपळ असते ती टॅक्सी, रिक्षा आणि ट्रकवाल्यांची. ब्रिटनमध्ये मात्र घरची साधी गाडीही ३ वर्षांची झाली की दरवर्षी चाचणीला न्यावी लागते, आणि उत्तर आयर्लंडमध्ये ही सुरुवात गाडी ४ वर्षांची झाल्यावर होते. ही चाचणी १९६० मध्ये सुरू झाली, तेव्हा ती १० वर्षांहून जुन्या गाड्यांपुरती होती आणि तीत ब्रेक, दिवे व स्टीअरिंग एवढेच पाहत असत. १९६७ मध्ये वयाची अट ३ वर्षांवर आली आणि तपासण्याच्या गोष्टी वाढत गेल्या. त्या काळच्या वाहतूक मंत्रालयाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे एवढाच एमओटी या नावाचा अर्थ आहे. ते मंत्रालय आता त्या नावाने राहिलेले नाही, चाचणीचे नाव मात्र टिकले आहे.

कागद कसा वाचावा

२० मे २०१८ पासून चाचणीत सापडलेल्या दोषांची विभागणी तीन प्रकारांत होते. धोकादायक दोष असेल तर गाडी नापास होतेच, शिवाय दुरुस्ती होईपर्यंत ती रस्त्यावर आणता येत नाही. मोठा दोष असेल तरी गाडी नापास होते. किरकोळ दोषावर ती पास होते, पण तो लवकर दुरुस्त करावा अशी अपेक्षा असते. यांच्या खाली चौथा प्रकार असतो तो सूचनांचा, ज्याला इथे सगळे अ‍ॅडव्हायझरी म्हणतात: आज दोष नाही, पण लक्ष ठेवा. बहुतेक लोक पास हा शब्द पाहून कागद खणात टाकतात आणि या सूचना वाचतच नाहीत. मी वाचल्या होत्या, पण प्रत्येक ओळ सुटी वाचली होती, आणि माझी चूक नेमकी तिथेच झाली.

कागदावरच्या दोन शब्दांशी आधी ओळख करून घ्यावी. निअरसाइड म्हणजे फुटपाथकडची, डावी बाजू, जिला आपल्याकडचे मिस्त्री क्लीनर साइड म्हणतात. ऑफसाइड म्हणजे ड्रायव्हरकडची, उजवी बाजू. माझ्या पहिल्या कागदावर दोन सूचना होत्या. एक अशी की निअरसाइडचा पुढचा टायर कडेला झिजून कायदेशीर मर्यादेच्या जवळ आला आहे; दुसरी अशी की त्याच बाजूच्या सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचा बुश, म्हणजे त्या दांड्याच्या सांध्यातले रबर, झिजला आहे, पण त्यामुळे फाजील हालचाल होत नाही. टायर समजण्यासारखी गोष्ट असल्यामुळे मी त्याच आठवड्यात पुढचे दोन्ही टायर बदलले. बुशबद्दल मात्र हालचाल होत नाही असे लिहिलेले होते, म्हणून ते काम मी पुढे ढकलले.

दुसऱ्या वर्षी गाडी नापास झाली, कारण एका वर्षापूर्वी घेतलेल्या त्या टायरची आतली कड मर्यादेखाली गेली होती. मी टायरच्या कंपनीला दोष दिला आणि अधिक महागाचे टायर घेतले. तिसऱ्या वर्षी त्याच चाकाच्या आतल्या कडेला टायरच्या तारा दिसू लागल्या होत्या आणि कागदावर धोकादायक असा शेरा आला. गाडी तिथेच ठेवावी लागली, आणि तेव्हा कुठे मी तिथल्या मेकॅनिकला विचारले की हा टायर एका वर्षात असा होतोच कसा.

त्याने मला रॅम्पखाली बोलावून टायर दाखवला. बाहेरून पाहिले तर खाचा चांगल्या खोल होत्या, रबर काळे आणि नवे दिसत होते, आणि मी दर महिन्याला हवा भरताना हेच पाहून समाधान मानत आलो होतो. आतल्या बाजूला मात्र दोन बोटे रुंदीचा पट्टा गोटा झालेला होता, आणि त्याच्या अगदी कडेला करवतीच्या दात्यांसारख्या बारीक तारा बोटाला टोचत होत्या. मग त्याने एक लांब पहार खालच्या आर्मच्या आणि चासीच्या मध्ये घालून थोडा जोर दिला. बुशचे रबर अर्ध्याहून अधिक फाटलेले होते, आणि आर्म सुमारे बोटभर मागे सरकून परत जागेवर आला. गाडी पुढे जाताना आणि ब्रेक लावताना हेच होत होते: चाक आपली रेषा सोडून किंचित बाहेर वळायचे आणि टायरची आतली कड रस्त्यावर घासत राहायची. आपल्याकडे अशा गाडीला टायर खाणारी गाडी म्हणतात, आणि हे वर्णन अगदी अचूक आहे.

चाचणी काय पाहत नाही

इथे एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय हा प्रकार उलगडत नाही. एमओटीत टायरची खोली मोजतात, पण चाकांची जुळणी, म्हणजे अलाइनमेंट, मोजत नाहीत. इथल्या गॅरेजांत तिला ट्रॅकिंग म्हणतात. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्थाही या चाचणीत येत नाही. शिवाय तपासनीसाने गाडीचा कोणताही भाग उघडून पाहायचा नसतो. जे डोळ्याला दिसते, हाताला आणि पहारेला लागते आणि यंत्रावर मोजता येते, तेवढेच तो नोंदवतो. त्यामुळे चाचणी परिणाम अचूक सांगते, पण कारण सांगण्याची जबाबदारी तिची नाही. टायर झिजला हा परिणाम झाला. तो का झिजला, हे आपण विचारायचे असते, आणि ते विचारायला लागणारा पुरावा पुष्कळदा त्याच कागदावर दुसऱ्या ओळीत असतो.

म्हणून एकच दोष पुन्हा येत असेल, तर सर्वांत आधी मागच्या तीन-चार वर्षांचे निकाल शेजारी शेजारी ठेवावेत. कागद हरवले असले तरी अडत नाही, कारण सरकारी संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकला की २००५ पासूनचे निकाल, त्या त्या वेळचे मायलेज आणि सगळ्या सूचना विनामूल्य दिसतात. जुनी गाडी विकत घेण्यापूर्वी तर हे करायलाच हवे, कारण आधीच्या मालकाने जे पुढे ढकलले ते सगळे तिथे तारखेसह उघडे असते. निकाल पाहताना एकाच चाकाच्या किंवा एकाच बाजूच्या नोंदी एकत्र वाचाव्यात: टायरची कड, बुश, बॉल जॉइंट, स्प्रिंग आणि स्टीअरिंगचा रॉड ही मंडळी एकमेकांना बिघडवतात.

टायर आतून खाल्ला जात असेल, तर कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बुश आणि जॉइंट बघून, झिजलेले असतील ते बदलावेत. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावे. नवे टायर अलाइनमेंटच्या आधी बसवले तरी चालतील, पण ते झाल्याशिवाय गाडी शेकडो मैल फिरवू नये. फाटलेल्या बुशवर केलेले अलाइनमेंट यंत्राच्या पडद्यावर हिरवे दिसते आणि गॅरेजच्या दारातला पहिला स्पीडब्रेकर ओलांडला की बिघडते, म्हणून क्रम उलटा करून उपयोग नाही. स्टीअरिंग सरळ धरूनही गाडी एका बाजूला जात असेल, किंवा गाडी सरळ जात असताना स्टीअरिंग तिरके राहत असेल, तर अलाइनमेंट बिघडले असण्याची शक्यता मोठी. पण दोन्ही चाके सारखीच बाहेर वळलेली असली तर यांपैकी काहीच जाणवत नाही, आणि माझ्या बाबतीत काहीच जाणवले नव्हते.

तपासणी घरच्या घरी होते. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे, गाडी बंद करून हँडब्रेक लावावा, आणि चाकाच्या कमानीतून फोन आत धरून टायरच्या आतल्या कडेचा फोटो घ्यावा. पुढच्या दोन्ही चाकांचा फोटो दोन मिनिटांत मिळतो. कायद्याने टायरच्या मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत, संपूर्ण घेरभर, किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. खाचेत २० पेन्सचे नाणे उभे घातले आणि त्याची बाहेरची कड पूर्ण झाकली गेली, तर खोली मर्यादेच्या वर आहे असे समजावे. ही मर्यादा चाचणीच्या दिवसापुरती नसते: बेकायदेशीर टायरवर गाडी चालवताना सापडल्यास प्रत्येक टायरमागे २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ गुण लागू शकतात.

पुन्हा पुन्हा येणारे इतर दोष

डिझेल गाडीचा पिवळा इंजिनचा दिवा हा दुसरा मोठा विषय. २०१८ च्या बदलांपासून, पुरेशा नव्या गाड्यांमध्ये हा दिवा इंजिन चालू असताना जळत राहिला तर गाडी नापास होते, आणि ज्या डिझेलला कारखान्यातून काजळीचे फिल्टर बसवलेले आहे तिच्यातून कोणत्याही रंगाचा धूर दिसला तरी ती नापास होते. आपली अनेक कुटुंबे जुनी डिझेल गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेतात आणि ती शाळा, दुकान आणि स्टेशन एवढ्याच फेऱ्यांसाठी वापरतात. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जळून जाण्यासाठी एक्झॉस्ट बराच वेळ गरम राहावा लागतो, आणि दीड-दोन मैलांच्या फेरीत तो तितका गरम होतच नाही. मग दिवा लागतो, कोणीतरी यंत्र लावून गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसून देतो, गाडी त्या दिवशी पास होते आणि पुढच्या महिन्यात दिवा परत येतो. कोड पुसणे ही दुरुस्ती नव्हे. फिल्टर तसाच भरत राहतो आणि अखेरीस बदलावा लागतो, आणि तो खर्च जुन्या गाडीच्या किमतीला भिडू शकतो. आठवड्यातून एकदा मोटरवेवर वीसएक मिनिटे सलग वेगाने गाडी चालवणे हा साधा उपाय आहे, आणि ते शक्य नसेल तर गावातल्या वापरासाठी पेट्रोल गाडी घेणे शहाणपणाचे. फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये, कारण मूळ फिल्टर काढलेली गाडी २०१४ पासून चाचणीत नापासच होते.

हेडलाइटचा प्रकाश चुकीच्या दिशेने पडतो, ही नोंद वारंवार येत असेल तर आधी बल्ब पाहावा. बल्बच्या मुळाशी असलेली खूण खाचेत नीट बसली नाही, तर दिवा लागतो, पण प्रकाशाची कड वाकडी पडते, आणि दिव्याचे स्क्रू कितीही फिरवले तरी ती सरळ होत नाही. अंधारात वाकून, एका हाताने, स्पर्शावर बल्ब बदलल्यानंतर हे फार वेळा घडते. हॅलोजनच्या दिव्यात बाजारातून आणलेला एलईडी बल्ब बसवला असेल, तर मोटारीसाठी तो बदलच मान्य नाही. मूळ प्रकारचा बल्ब परत लावावा.

गंजाबद्दल थोडक्यात. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या खालच्या अंगाला महिनोन् महिने चिकटून राहते. त्यामुळे ब्रेकचे पाइप गंजतात आणि सस्पेन्शनच्या स्प्रिंगा, बहुधा अगदी खालच्या वेटोळ्याशी, मोडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गाडी खालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने एकदा धुऊन घेतली तरी पुष्कळ फरक पडतो. जी गाडी आठवड्यातून एकदाच बाहेर निघते तिच्या मागच्या ब्रेक डिस्कवर गंज बसून चाचणीत ब्रेक मोजणाऱ्या रोलरवर ब्रेक कमी भरतो. अशा गाडीला चाचणीच्या आधीचे दोन-तीन दिवस नीट ब्रेक लावत चालवावे.

वायपरचे फाटलेले रबर, काच धुण्याच्या पाण्याची रिकामी बाटली, ब्रेकचा न लागणारा दिवा, नंबर प्लेटचा न लागणारा दिवा आणि फुटलेली नंबर प्लेट, या कारणांवरून गाडी अडू देणे खरोखर टाळता येते. आदल्या संध्याकाळी कोणाला तरी गाडीमागे उभे करून दिवे बघायला सांगावे.

तारीख, पैसे आणि हरकत

वेळेचा हिशेब नीट केला, तर नापास होण्याचा त्रास अर्धा होतो. सध्याचे प्रमाणपत्र संपण्यापूर्वी एक महिना वजा एक दिवस इतक्या आधी चाचणी करून घेतली, तर पुढच्या वर्षाची तारीख तीच राहते. समजा प्रमाणपत्र २० ऑक्टोबरला संपते, तर २१ सप्टेंबरपासून चाचणी करता येते आणि नवे प्रमाणपत्र पुढच्या २० ऑक्टोबरपर्यंत चालते. मी नेहमी या महिनाभराच्या मुदतीच्या पहिल्या आठवड्यात वेळ घेतो, कारण गाडी नापास झाली आणि दोष धोकादायक नसला, तर जुने प्रमाणपत्र चालू असेपर्यंत गाडी घरी आणून दुसऱ्या गॅरेजचा भाव विचारता येतो, अर्थात गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असली पाहिजे. मुदत संपलेली असेल तर ती सोय राहत नाही. प्रमाणपत्राविना गाडी चालवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि आधी ठरवलेल्या चाचणीला किंवा दुरुस्तीला नेणे एवढाच त्याला अपवाद आहे.

मोटारीच्या चाचणीचे शुल्क ५४.८५ पौंडांहून अधिक घेता येत नाही. त्याहून कमी घेणारी गॅरेजे पुष्कळ आहेत. गाडी त्याच केंद्रात दुरुस्तीला ठेवली आणि कामाच्या १० दिवसांत फेरतपासणी झाली, तर त्या अंशतः फेरतपासणीचे वेगळे पैसे पडत नाहीत. काही शहरांत नगरपालिकेची चाचणी केंद्रेही असतात, जी मुख्यतः स्वतःच्या वाहनांसाठी चालवली जातात पण नागरिकांच्या गाड्याही तपासतात. तिथे सहसा दुरुस्तीचे काम होत नाही, त्यामुळे दोष दाखवण्यात त्यांचा आर्थिक संबंध नसतो. एखाद्या गॅरेजबद्दल शंका वाटत असेल, तर एक वर्ष अशा केंद्रात चाचणी करून दोन्ही निकाल ताडून पाहावेत.

निकालच चुकीचा वाटत असेल, तर आधी त्या केंद्राशी बोलावे आणि तरीही पटले नाही तर चाचणीपासून कामाच्या १४ दिवसांत सरकारी यंत्रणेकडे हरकत नोंदवावी. तोपर्यंत तो भाग दुरुस्त करून घेऊ नये, कारण फेरतपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला तो होता तसाच पाहायचा असतो. पूर्ण शुल्क आधी भरावे लागते आणि हरकत योग्य ठरली तर ते पूर्ण किंवा अंशतः परत मिळते.

माझ्या गाडीचा तो बुश, दुसऱ्या बाजूच्या बुशसकट, त्याच दिवशी बदलला, दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट झाले, आणि तेव्हा घेतलेल्या टायरची आतली व बाहेरची कड वर्षभरानंतरही सारखीच होती. यंदाच्या कागदावर एकच सूचना आली आहे: गाडीखाली प्लास्टिकचे कव्हर असल्यामुळे काही भाग पाहता आला नाही. पुढच्या सर्व्हिसला ते कव्हर काढून आतले ब्रेकचे पाइप मला दाखवावेत, असे मी सांगून ठेवले आहे.